थंड राखेची नोंद

दिवाळी अंकात नोकरीबद्दल लिहितात ती माणसं बहुधा पेन्शनीत निघालेली असतात. मी निघालेलो नाही. वय अठ्ठावीस, नोकरी सहा वर्षांची, आणि अजून साहेबाच्या टेबलासमोर उभं राहताना टाचा जुळतात. तरी संपादकांनी लिही म्हटलं, तेव्हा मी हो म्हणालो. पेन्शनीपर्यंत थांबलो तर सगळं गोड आठवेल अशी मला भीती वाटते.

मी ओव्हरसियर आहे. सरकार गरिबांसाठी घरं बांधतं त्या खात्यात. बाहेरच्या माणसाला ओव्हरसियर म्हणजे छत्री घेऊन उन्हात उभा राहणारा माणूस वाटतो. ते खरंच आहे, पण उभं राहून तो काय पाहतो ते सांगतो. सिमेंटच्या गोणीत सिमेंटच आहे ना, पाया कागदावर आहे तितकाच खोल गेला ना, वीट ओली करून लावली ना, भिंत ओळंब्यात आहे ना. कंत्राटदाराला घाई असते, गवंड्याला कंटाळा असतो, खात्याला तारीख असते. घराची काळजी असलेला माणूस तिथं एकच, जो त्यात राहायला येणार तो, आणि त्याला कुंपणाच्या आत सोडत नाहीत. त्याच्या वतीनं मी उभा असतो. निदान माझी तशी समजूत होती.

ही समजूत पत्रकांतून आली. वडील परळच्या गिरणीत होते, युनियनचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. लाल, पिवळ्या, गुलाबी कागदांवर छापलेली, घडी करून गादीखाली ठेवलेली. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्यांच्यावर. ‘राहायला घर ही भीक नाही, हक्क आहे’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढे कॉलेजात असताना असली वाक्यं मी स्वतः लिहिली आणि खळ लावून भिंतींवर चिकटवली. त्यामुळे डिप्लोमा होऊन नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा मित्र म्हणाले, “झालास ना सरकारी साहेब! आता आम्ही तुझ्याच ऑफिसच्या भिंतीवर चिकटवणार.” मी म्हणालो, “चिकटवा. पण भिंत मी बांधलेली असेल.”

असा माज होता.

पहिली मोठी साइट घाटकोपरच्या पूर्वेला, जिथं वस्ती संपून मिठागरं सुरू होतात तिथं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. खाडीच्या बाजूची पाणथळ जमीन मुरूम टाकून भरून काढायची आणि वर दुमजली इमारती उठवायच्या. एका कुटुंबाला एक खोली, मोरी आणि स्वयंपाकाचा कोपरा. भराव घातलेल्या जमिनीवर झोप लागत नाही, हे मी तिथं शिकलो. सकाळी साइटवर पोचलो की आधी जोत्याला फेरी मारायची. कुठं तडा गेलाय का, कोपरा दबलाय का. मी ही फेरी दोन वर्षं मारली.

तिथं मला शिकवलं भिकू मिस्त्रींनी. मालवणकडचे, साठीच्या घरातले, बोलायला एकदम रोखठोक. एका सकाळी वाळूचा ट्रक आला. मी कागदपत्रं पाहिली, सही करणार तोच मिस्त्री म्हणाले, “सायबा, कागद काय चाटतंस? वाळू चाट.”

मला वाटलं थट्टा आहे. त्यांनी चिमूटभर वाळू उचलून जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाले, “खाडीची. घे, बघ.”

मीही ठेवली. खारट लागली. खाऱ्या वाळूत बांधलेल्या भिंतीला लोणा लागतो. गिलाव्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं, पापुद्रे सुटतात, वीट आतून भुगा होते. आणि हे दिसायला लागतं तेव्हा कंत्राटदार दुसऱ्या गावी दुसरं काम करत असतो. मी ट्रक परत पाठवला. कंत्राटदाराचा माणूस हसून म्हणाला, “साहेब, झोपड्यातली माणसं ही. त्यांना लोणा लागला काय न् नाही काय!” त्या वाक्यावर मी भर साइटवर त्याला असं काही सुनावलं की मुकादमानं काम थांबवून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वाळूचा प्रत्येक ट्रक माझ्या जिभेवरून गेला. त्या इमारतींच्या भिंती आजही कोरड्या आहेत. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

घोटाळा पुढेच झाला. जिभेनं वाळू कळते म्हटल्यावर मला वाटायला लागलं, माणसंही अशीच कळतील.

या इमारतींपैकी एक राखून ठेवली होती साइटला लागून असलेल्या पाड्यासाठी. मिठागरात राबणारी आगरी माणसं, काही पिढ्या तिथंच राहिलेली. त्यांच्या झोपड्यांवरून आमचा रस्ता जाणार होता. झोपड्या पाडायच्या आणि त्या बदल्यात खोल्या द्यायच्या. मला हे फार न्यायाचं वाटे. पाड्यावरची माणसं संध्याकाळी कुंपणाशी येऊन इमारत वर चढताना पाहत. त्यांतले पोशामामा तर एकदा कुंपण ओलांडून आतच आले, डोक्यावर बाजलं घेऊन.

“मामा, हे काय?”

“बाजला. माझे बापाचा हाय. जिना चढतंय काय बघतंय.”

जिन्याला अजून कठडाही नव्हता. मामा बाजलं आडवं करून, उभं करून, शेवटी तिरकं करून वर घेऊन गेले. चौकटीतून आत घातलं आणि भिंतीला लावून त्यावर पाय लांब करून पडले. खाली भिकू मिस्त्री ओरडत होते, “अरे, कलेक्टर झालो रे हो!” मामा वरून म्हणाले, “ओ सायेब, मावला! आता बांधा लवकर.”

अशा माणसांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

यादीचा नियम सोपा होता. एका छपराखाली दोन-तीन कुटुंबं राहत. रेशनकार्डं असलीच तर तिघांत एक. म्हणून खात्यानं ठरवलं, चुली मोजायच्या. एक चूल म्हणजे एक कुटुंब, एक कुटुंब म्हणजे एक खोली. मोजणी एकाच सकाळी, जेवणं शिजायच्या वेळेला. जितक्या चुली तितक्या खोल्या या पाड्याच्या, उरलेल्या दुसऱ्या गरजूंना जातील. यादी एकदा लागली की लागली.

आता हा नियम लोकांना कळणार नाही असं खात्याला का वाटलं, देव जाणे. मी पाड्यात शिरलो तेव्हा जिथं तिथं चुली उगवल्या होत्या. तीन दगड मांडून, त्यांना काजळी फासून, मध्ये कुठली तरी राख ओतून. एकानं तर गोठ्यात चूल मांडली होती. मला राग आला. खोट्या चुलीनं घेतलेली खोली कुणा तरी खऱ्या गरजूच्या तोंडातून काढलेली, असं भाषण मी तिथल्या तिथं ठोकलं. आणि मग मला युक्ती सुचली. राखेत हात घालायचा. आज सकाळी पेटलेल्या चुलीची राख आतून कोमट असते. उसनी राख थंड. मी एका पाठोपाठ एक चार चुली पकडल्या. बरोबरचा शिपाई म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हणजे कमाल!” मला ते आवडलं.

पोशामामांच्या घरात दोन चुली होत्या. एक त्यांची आणि बायको जनाबाईची, दुसरी मुलगा-सुनेची. दोन्हींत हात घातला. दोन्ही गरम. दोन नोंदी केल्या.

शेजारच्या झोपडीत अंधार होता. चूल होती, पण नीट सारवलेली, भांडी नाहीत, लाकडं नाहीत. राखेत हात घातला. थंडगार.

दारात जनाबाई येऊन उभी राहिली. म्हणाली, “सायेब, त्यांची चूल बंद हाय. मयत झालाय. आमचे घरान जेवतान त्या.”

कोपऱ्यात कुणीतरी डोक्यावर पदर घेऊन बसलं होतं, बाजूला दोन मुली. पण याआधीच्या एका झोपडीतही अशीच एक बाई पदर घेऊन आजारी म्हणून बसली होती आणि मी पाठ फिरवताच फिदीफिदी हसली होती. एकानं बायको माहेरी गेली म्हणून सांगितलं होतं, आणि बायको मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी जनाबाईला म्हणालो, “आज सगळ्या पाड्यालाच काहीतरी झालंय. जेवतात तुमच्याकडे ना? मग चूल तुमचीच.”

ती पुढं काही बोलणार होती. मागून पोशामामा म्हणाले, “गप गं. सायबाला लिवू दे.”

मी लिहिलं. चूल थंड, नोंद नाही.

माझी आजी गेली तेव्हा आमच्या चाळीतल्या खोलीत चूल पेटली नव्हती. शेजारच्या घरांतून पिठलं-भात येत होता, झाकलेल्या ताटांत. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला त्या पिठल्याची चव अजून आठवते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही. कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या कपाळाकडे एकदा पाहिलं असतं तर पुरे होतं. मी राखेकडे पाहत होतो.

यादी साइट ऑफिसच्या भिंतीवर लागली. तिसऱ्या दिवशी एक बाई दोन मुलींना घेऊन आली. भर उन्हात उभी, कपाळ मोकळं. तिचं नाव चांगुणा. मला म्हणाली, “मना वाचता येत नाय. माझा नाव कुठं हाय, त्यावर बोट ठेवून दाखवा. पोरींना दाखवतंय.”

मी यादीसमोर उभा राहिलो. बोट कुठं ठेवणार? वरून खाली वाचलं, पुन्हा वरून वाचलं. जणू माझ्याच हस्ताक्षरात काही नवीन सापडणार होतं. शेवटी म्हणालो, “बघतो. चौकशी करतो.” ती मान हलवून गेली. ‘चौकशी करतो’ हे वाक्य किती पत्रकांत मी टिंगल करून छापलं होतं!

भिकू मिस्त्री विटांवर पाणी मारत होते. हात थांबवून म्हणाले, “तिचो घोव मिठागरात तापान गेलो. तू मोजूक गेलंस तेव्हा सहावो दिवस होतो. माका आदी इचारलं असतंस तर?”

“मिस्त्री, मला काय माहीत—”

“वाळू चाटून बघतंस. माणसाक इचारूक काय झाला?”

पाडा रिकामा करायला महिना होता. महिन्यानंतर चांगुणा आणि तिच्या मुली कुठं जाणार, याचं उत्तर खात्याच्या कोणत्याच कागदावर नव्हतं, कारण कागदावर त्या नव्हत्याच.

यादी बदलायचा रस्ता एकच होता. नोंद करणाऱ्यानं लिहून द्यायचं की मी नोंद चुकीची केली. मोजणीत कसूर म्हणजे सर्व्हिस बुकात शेरा, आणि मी अजून कायम झालो नव्हतो. त्या सुमारास वडिलांना संपानंतर गिरणीनं घेतलं नव्हतं. घर माझ्यावर होतं. मी घरी सगळं सांगितलं. मला वाटलं, ज्या माणसानं मला त्या गुलाबी कागदांवर वाचायला शिकवलं, तो म्हणेल, ऊठ आणि लिहून दे. वडिलांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “गप्प बस. आणखी कुणाला सांगू नकोस. नोकरी जाणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही. मला आहे.”

मी त्यांच्यावर चिडलो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच जास्त भीती वाटली.

आठ दिवस मी काही केलं नाही. आठ दिवस चांगुणा कामावरून परतताना कुंपणाशी थांबे. काही विचारत नसे, फक्त थांबे. पायांना मिठाचा पांढरा थर, डोक्यावर टोपली. मी पाठमोरा होऊन भिंतीला ओळंबा लावत राही. एकदा तर तीच भिंत तीनदा तपासली. गवंडी म्हणाला, “साहेब, भिंत सरळच हाय हो. कितींदा बघाल?”

नवव्या दिवशी मी कागद लिहिला आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. कुठल्या धैर्यानं, असं कुणी विचारतं. धैर्य वगैरे काही नव्हतं. तिचं ते थांबणं सहन होईना, इतकंच.

साहेब शांत गृहस्थ. कागद दोनदा वाचला. म्हणाले, “शेरा द्यावा लागेल. तो मी देईन. आता दुसरी गोष्ट. पाड्यासाठी खोल्या तेवढ्याच आहेत, उरलेल्या दुसऱ्यांना देऊन झाल्या. एक नाव आत आलं तर एक बाहेर जाईल. सोमवारी सकाळी मी स्वतः येतो. त्या बाईची चूल पाहीन आणि बाकीच्याही पुन्हा पाहीन. तुम्ही बरोबर राहा.”

सोमवारचं सांगायला मी पाड्यात गेलो. चांगुणेनं ऐकून घेतलं. जनाबाई मात्र आपल्या दारातून एकदम विचारून बसली, “बाकीच्यापन बघनार?” आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या मागं दुसऱ्या चुलीवर काहीच नव्हतं. दगडांमध्ये मिरच्या वाळत घातलेलं सूप ठेवलं होतं.

तेव्हा मला कळलं. मोजणीच्या सकाळी पोशामामांनी दुसरी चूल पहाटेच पेटवली होती. खोटी होती म्हणून तर ती इतकी छान गरम होती. माझ्या परीक्षेत खोटी चूल पास झाली आणि खरी नापास.

पण पुढचं ऐका. सून पोटुशी होती, दिवस भरत आले होते. घरात सात माणसं, आठवं यायचं. चूल खोटी होती, गरज खोटी नव्हती. हे आमच्या नियमात कुठं बसतं? माझ्या पत्रकांत तरी कुठं बसत होतं? तिथं एका बाजूला लुबाडणारे असत आणि दुसऱ्या बाजूला आपण.

सोमवारपर्यंतचे तीन दिवस मी एकच वाक्य मनात जुळवत होतो. साहेबांनी विचारलं, ही चूल खरी का, तर काय म्हणायचं? हो म्हटलं तर चांगुणा गेली. नाही म्हटलं तर मामांची सून गेली. दोन्ही वाक्यं जुळली नाहीत.

सोमवारी साहेब आले. चांगुणेच्या चुलीवर भाकरी होती. ती थापत होती आणि मोठी मुलगी जाळ सारत होती. साहेबांनी राखेत हातबित घातला नाही. दारातूनच म्हणाले, “बाई, मालक कधी गेले?” तिनं सांगितलं. “मुली किती?” तिनं सांगितलं. साहेबांनी वहीत लिहिलं. एवढंच. दोन प्रश्न. मला ते दोन प्रश्न सुचले नव्हते.

मग आम्ही शेजारी गेलो. दोन्ही चुली पेटल्या होत्या. एकीवर भात, दुसरीवर आमटी. पोशामामा बाजल्यावर बसले होते. सून भिंतीला टेकून. साहेबांनी एका चुलीकडून दुसरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काय ओव्हरसियर, ही दुसरी चूल वेगळी आहे?”

माझं तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. जनाबाई नवऱ्याकडे बघत होती, एकटक, पदराचं टोक दातांत धरून.

मामा उठले. कोपऱ्यातलं फडकं घेऊन आमटीचं पातेलं उतरवलं, जनाबाईच्या चुलीशेजारी ठेवलं. मग जळती लाकडं ओढून काढली, त्यांवर लोटाभर पाणी मारलं. धूर झाला. धुरातून म्हणाले, “सून आमच्यातच जेवतंय सायेब. लिवा.”

साहेबांनी लिहिलं आणि बाहेर गेले. मी मागं रेंगाळलो. आभार मानायचे की माफी मागायची हे ठरवत होतो. मामांनी ती वेळ येऊ दिली नाही.

“ओ ओव्हरसियर. पोराचा नाव मी कापला. तुमी नाय. ते पन लिवून ठेवा कुठं तरी.”

इतकी वर्षं ते लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

पाडा पाडला गेला, लोक इमारतीत आले. चांगुणेला खालच्या मजल्यावर खोली मिळाली. यादीत तिच्या नावावर बोट ठेवून मी तिच्या मुलींना दाखवलं. धाकटीनं माझं बोट बाजूला सारून आपलं ठेवलं. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा आहे, कायम व्हायला मला दोन वर्षं जास्त लागली. वडिलांना एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, “आमचा मुलगा घरं बांधतो.”

नंतर माझी बदली मुलुंडला झाली, पण घाटकोपरला गेलो की त्या इमारतीला फेरी मारतो. सवय. जोतं पाहतो, कोपरे पाहतो, भिंतीवर हात फिरवतो. कोरड्या असतात.

वरच्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत पोशामामांचं बाजलं आहे. बिनकठड्याच्या जिन्यावरून तिरकं करून नेलेलं तेच. खोलीत ते मावलं होतं, माणसांसकट मावत नाही. म्हणून ते बाहेर, आणि मामा त्यावर. मी दिसलो की मान हलवतात, पण ‘बसा’ म्हणत नाहीत. जनाबाई आतून चहा पाठवते. मी तो उभ्यानं पितो, कप ठेवतो, आणि जिना उतरतो.